ड्युटीचं सामान: नागपूरच्या सिस्टरांनी स्वतःच्या पैशानं काय घ्यावं आणि काय घेऊ नये

पहिली नोकरी लागली की पगार हातात येण्याआधीच खरेदी सुरू होते, आणि बहुतेक नव्या सिस्टर ती उलट्या क्रमानं करतात. आधी नावाजलेल्या कंपनीचा स्टेथोस्कोप येतो, मग घड्याळ, मग पिशवी. बुटांची पाळी येते तेव्हा पाकिटात जे उरलं असेल त्यात बर्डीच्या बाजारातून पांढरे बूट घेतले जातात. काही महिन्यांत टाचा दुखायला लागतात, पोटऱ्यांना रात्री गोळे येतात. त्या महागड्या स्टेथोस्कोपची गरज मात्र वॉर्डात दिवसातून एकदोनदाच पडते.

नागपुरात सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. पैसा पायांपासून सुरू व्हावा आणि वर चढावा. आधी पाय, मग अंगावरचं कापड, मग खिसा, आणि गळ्यात अडकवायचं सामान सगळ्यात शेवटी. शिवाय जे पुरवणं हॉस्पिटलचं काम आहे, त्यावर आपला एक रुपयाही जाऊ नये. खालचा क्रम त्याच हिशोबानं लावला आहे. ब्रदर मंडळींनाही, म्हणजे पुरुष नर्सनाही, तो जसाच्या तसा लागू आहे.

१. खरेदीआधी वॉर्डात विचारा

जॉइन झाल्याच्या पहिल्या दिवशी इन्चार्ज सिस्टरला एवढं विचारून घ्या: युनिफॉर्मचा रंग आणि बाही कशी हवी, बूट पांढरेच लागतात की काळे चालतात, मनगटी घड्याळाला परवानगी आहे का, नोंदींना कुठल्या रंगाची शाई चालते, लॉकर मिळतं का आणि कपडे बदलायची जागा कुठे आहे. मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी हॉस्पिटलं, मिहानमधलं एम्स, धंतोली-रामदासपेठेतली खाजगी हॉस्पिटलं, सगळीकडे एकच नियम असेल असं धरून चालू नका. एकाच हॉस्पिटलातही ओटीची (ऑपरेशन थिएटरची) पद्धत वेगळी आणि मेडिसिन वॉर्डाची वेगळी असते. ओटीत आतले कपडे आणि चपला आतल्याच, त्यामुळे तिथे पोस्टिंग असलेल्या मुलीनं युनिफॉर्मचे चार जोड शिवून ठेवण्यात अर्थ नाही.

त्याच दिवशी दुसरी गोष्टही समजून घ्या. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगतात की कचरा हाताळणाऱ्या आणि त्याच्या संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षक साधनं देणं, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, नोकरीला लागताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे. म्हणजे हातमोजे, मास्क, गॉगल, प्लास्टिकचा एप्रन, गाऊन हे सगळं स्टोअरमधून यायला हवं. कॅथ लॅबला (जिथे हृदयाची अँजिओग्राफी होते) पोस्टिंग असेल तर शिशाचा, म्हणजे लेड एप्रन आणि रेडिएशन मोजणारा बॅजही हॉस्पिटलनंच द्यायचा. हातमोजे संपले म्हणून स्वतःच्या पैशानं डबा आणणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. त्यांची कळकळ मला समजते, पण तसं केलं की स्टोअरच्या कागदावर तुटवडा दिसतच नाही आणि पुढच्या महिन्याचा इंडेंटही (स्टोअरकडचं मागणीपत्र) तेवढाच राहतो. इंडेंट लेखी भरा, त्याची प्रत ठेवा, आणि आपले पैसे पायांसाठी राखा.

२. बूट: इथे घाई करू नका, काटकसरही करू नका

बऱ्याच ठिकाणी सकाळची ड्युटी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ आणि नाईट बारा तासांची असते. बसायला मिळतं ते रिपोर्ट लिहिण्यापुरतं. फरशी गुळगुळीत, दिवसातून दोनतीनदा फिनाईलच्या पाण्यानं पुसलेली, मध्येच सलाईन सांडलेलं. बुटाची परीक्षा या फरशीवर होते, दुकानातल्या गालिच्यावर त्यातलं काहीच कळत नाही.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, शक्यतो ड्युटी संपवून. दिवसभर उभं राहून पाय फुगलेला असतो आणि खरं माप तेव्हाच मिळतं. ड्युटीवर जे मोजे घालणार तेच घालून जा. दोन्ही पाय मापा, कारण एक पाय थोडा मोठा असतोच. माप मोठ्या पायाचं घ्यायचं. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे आणि चालताना टाच बाहेर सरकता कामा नये. "घालून घालून सैल होईल" असं दुकानदार म्हणाला तर ती जोडी खाली ठेवा. पंजा रुंद असेल तर पुरुषांच्या विभागातली छोटी मापं मागायला अजिबात संकोच करू नका, ती बहुधा रुंदीला मोकळी असतात.

मग बूट हातात घ्या. टोक आणि टाच धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर तळव्याच्या कमानीला आधार मिळणार नाही. टाचेमागचा कप अंगठ्यानं दाबा, तो कडक लागला पाहिजे. पिळून बघा: फडक्यासारखा पिळला जात असेल तर नको. टाचेची उंची दोनतीन सेंटिमीटर पुरे. एकदम सपाट तळही टाचेला त्रास देतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

तळ रबराचा असावा आणि त्यावर खोल, बारीक, बाहेरपर्यंत जाणाऱ्या खाचा असाव्यात, म्हणजे पाणी निघून जातं. कडक प्लास्टिकचा चकचकीत तळ ओल्या फरशीवर घसरतोच. दुकानदाराची परवानगी घेऊन बाहेरच्या टाइल्सवर थोडं पाणी टाकून पाऊल घासून बघा. चांगल्या कंपनीच्या कामाच्या बुटांवर 'आयएसओ २०३४७' असं लिहिलेलं असतं. पोलादी टोपी नसलेल्या कामाच्या बुटांचं ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. जोडीला 'एसआरसी' किंवा नव्या पद्धतीनुसार 'एसआर' अशी अक्षरं दिसली तर घसरण्याची चाचणी झाली आहे असं समजायचं. आपल्याकडे असे बूट इंडस्ट्रियल सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात, नेहमीच्या चपलांच्या दुकानात त्यांची चौकशी करून फारसं हाती लागत नाही.

वरचा भाग बंद आणि पुसता येईल असा हवा. जाळीचे स्पोर्ट्स शूज पायाला गोड लागतात, म्हणून खूप सिस्टर तेच घालतात. पण रक्ताचा थेंब किंवा कॅथेटरची बॅग रिकामी करताना उडालेलं पाणी त्या जाळीतून थेट मोज्यापर्यंत जातं. वर भोकं असलेल्या फोमच्या क्लॉगचंही तेच. हातातून सुटलेली सुई सरळ खाली, पावलावर येते, आणि त्या क्षणी पावलावर काय आहे यावर पुढचे २८ दिवस एचआयव्ही टाळायची औषधं घ्यावी लागतील की नाही हे ठरू शकतं. क्लॉगच घ्यायचे असतील तर वरून बंद आणि मागे पट्टा असलेले घ्या, म्हणजे इमर्जन्सीत धावता येतं. नाडी असलीच तर टोकं आत खोचलेली हवीत. फरशीवर लोळणारी नाडी सगळा वॉर्ड पुसून घरी येते.

(सुई टोचलीच तर: जागा साबण-पाण्यानं धुवा, दाबून रक्त काढू नका, लगेच इन्चार्जला कळवून नोंद करा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लवकरात लवकर, जमल्यास दोन तासांच्या आत सुरू करायची असतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही.)

आता आपल्या नागपूरची खास गोष्ट. फोमचे क्लॉग उन्हात आकसतात आणि वाकडे होतात. एप्रिल-मे महिन्यात ते गाडीच्या डिक्कीत ठेवून दुपारभर गाडी उन्हात लावली तर माप एक नंबरनं कमी झालेलं सापडू शकतं. चिकटवलेल्या तळाच्या बुटांचा डिंकही त्याच डिक्कीत सुटतो. बूट लॉकरमध्येच ठेवा आणि जायला-यायला दुसरी पादत्राणं वापरा. पावसाळ्यात तर हे करावंच लागतं. चिखलाचे बूट आत न्यायचे नाहीत आणि वॉर्डातले बूट घरात आणायचे नाहीत, दोन्ही एकाच सवयीत साधतं.

एक महाग जोडी घेण्यापेक्षा मध्यम किमतीच्या दोन चांगल्या जोड्या घेऊन आलटून-पालटून वापराव्यात असं मी सुचवेन. बूट आतून नीट सुकायला साधारण एक दिवस लागतो. रोज तीच जोडी घातली की वास, बुरशी आणि बोटांमधली चिखली पाठोपाठ येतात. टाच एका बाजूनं झिजली किंवा मधल्या फोमवर खोल सुरकुत्या पडल्या की वरून बूट कितीही चांगला दिसू दे, त्याचं काम संपलेलं असतं. रोजच्या वापरात ही वेळ सहा महिने ते वर्षभरात येते.

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवताना टाचेत कळ येत असेल तर नुसते बूट बदलत बसू नका. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा आणि आतला सोल त्यांच्या सल्ल्यानं घ्या.

३. मोजे

सुती मोजे घाम शोषतात पण ओले राहतात, निव्वळ नायलॉनचे भाजतात. सुती आणि सिंथेटिकचं मिश्रण, टाचेला जाड, असे चांगले. ड्युटीच्या पिशवीत एक जादा जोड कायम असावा.

पोटऱ्या दुखणाऱ्या, संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ उमटणाऱ्या किंवा निळ्या शिरा दिसू लागलेल्या सिस्टरांनी कॉम्प्रेशन मोज्यांचा विचार जरूर करावा. पाकिटावर दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. उभ्याच्या कामासाठी १५ ते २० चा हलका दाब आणि गुडघ्यापर्यंतची लांबी पुरते. २० ते ३० किंवा त्याहून जास्त दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नयेत. पायाला रक्तपुरवठा कमी असेल किंवा मधुमेहानं पायांची संवेदना गेली असेल तर कुठलेही दाबाचे मोजे आधी विचारूनच. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं: घोट्याचा सगळ्यात बारीक घेर आणि पोटरीचा सगळ्यात मोठा घेर. नुसता बुटाचा नंबर विचारून मोजा हातात देणाऱ्या दुकानातून घेऊ नका. मोजे सकाळी ड्युटीला निघतानाच चढवायचे, वरची कड कधीही दुमडायची नाही. रोज धुऊन वापरले तर चारसहा महिन्यांत दाब कमी होतो. घालायला सोपे जायला लागले की नवे घ्यायची वेळ झाली.

४. युनिफॉर्मचं कापड

आधी बूट आणि मग युनिफॉर्म असा क्रम ठेवण्याला आणखी एक कारण आहे. पँटची किंवा साडीची उंची त्या बुटावर उभं राहून ठरवायची असते. कड फरशीला लागली तर दिवसभर ओली आणि घाण राहते, शिवाय पाय अडकतो.

सध्या ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या तयार स्क्रबची फॅशन आहे. एसीत काम असेल तर ते छान वाटतात. पण जनरल वॉर्ड, पंखे, पारा ४५ च्या पुढे आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू असताना ते पॉलिस्टर-स्पॅन्डेक्स अंगाला चिकटून बसतं आणि मांड्यांना, काखेत घामोळं येतं. निव्वळ सुती कापड हवेशीर, पण चुरगळतं आणि आटतं. बहुतेकींना पॉलिस्टर-सुती मिश्रणच सोयीचं पडेल. उन्हाळ्यासाठी सुताचं प्रमाण जास्त असलेलं, पावसाळ्यासाठी लवकर वाळणारं, असे जोड वेगळे शिवले तर आणखी चांगलं.

गांधीबाग-इतवारीत कापड घेऊन शिवून घेणं मला अजूनही तयार कपड्यांपेक्षा पटतं, कारण खिसे आपल्या मनासारखे होतात. कापड घेताना ते हातावर ताणून खाली हाताच्या रेषा दिसतात का बघा. पांढऱ्या कापडाबाबत तर दुकानाच्या दारापर्यंत जाऊन उजेडातच बघा. सुती असेल तर शिवायला टाकण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवा. शिंप्याला या गोष्टी स्पष्ट सांगा: बाही कोपराच्या वर, काखेत मोकळं, पाठीला वाकता येईल एवढा घेर, कंबरेला इलॅस्टिकसोबत नाडी. खाली दोन मोठे खिसे, त्यातल्या एकात पेनांसाठी उभी शिवण. छातीवरचा खिसा उथळ नको, पेशंटवर वाकलं की पेन त्याच्या अंगावर पडतो. शिलाई दुहेरी हवी, खास करून खिशाच्या कोपऱ्यांना.

बाही कोपराच्या वर का, तर हात कोपरापर्यंत धुता यावेत म्हणून. हिवाळ्यात इथे पारा १० च्या खाली जातो आणि नाईटला वॉर्ड गारठतो. तेव्हा पूर्ण बाहीचा स्वेटर घालून ड्रेसिंग करणाऱ्या दिसतात. त्याऐवजी आतून अर्ध्या बाहीचं थर्मल आणि वरून बिनबाह्यांचं जॅकेट घाला. बसून रिपोर्ट लिहिताना शाल वेगळी घ्या आणि पेशंटकडे जाताना ती काढून ठेवा.

दागिन्यांचंही इथेच सांगते. अंगठ्या आणि बांगड्यांखाली जंतू राहतात, हात कितीही चोळला तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही हेच सांगतात. नखं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान असावीत आणि कृत्रिम नखं अजिबात नसावीत हेही त्यांत आहे. बांगड्या काढायला घरून विरोध होत असेल तर ड्युटीपुरत्या काढून ठेवायला पिशवीत झिपचा छोटा बटवा ठेवा. मंगळसूत्र आखूड आणि कुर्त्याच्या आत असावं. शुद्ध हरपलेला किंवा नशेतला पेशंट पहिला हात गळ्याकडेच घालतो.

५. घड्याळ आणि खिसा

सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ लागतंच. नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करता येते, पण श्वास पूर्ण मिनिट मोजायचे असतात आणि तिथे मोबाईल काढणं शोभतही नाही, स्वच्छही नाही. मनगटी घड्याळ हात धुताना आड येतं, म्हणून छातीला उलटं लटकणारं घड्याळ घ्यावं. पट्टा सिलिकॉनचा म्हणजे स्पिरिटनं पुसता येतो, डायल पांढरी, आकडे मोठे, काटे अंधारात चमकणारे. मागची पिन पक्की आहे का ते दुकानातच ओढून बघा.

खिशात काय असावं हे वॉर्डावर ठरतं, पण कात्री बहुतेक सगळीकडे लागते. साडेपाच इंचांची, खालचं टोक बोथट आणि चपटं असलेली बँडेज कात्री घ्या, म्हणजे पट्टी कापताना त्वचेला लागत नाही. स्टीलची, आणि ऑटोक्लेव्ह करता (वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करता) येते का हे विचारून. ऑटोक्लेव्हचं तापमान १२१ अंश असतं, प्लास्टिकच्या मुठीच्या स्वस्त कात्र्या त्यात वितळतात. कॅज्युअल्टीत कपडे कापावे लागतात, तिथे साडेसात इंचांची ट्रॉमा शिअर (जाड कापड कापणारी मजबूत कात्री) कामाची. कात्रीवर आपलं नाव खोदून घ्या. चिकटपट्टीवर लिहिलेलं नाव एकदोन धुण्यांत जातं आणि पट्टीच्या कडेला मळ साचतो.

पेनटॉर्च साधा, पिवळसर आणि मंद उजेडाचा. मोबाईलचा प्रखर फ्लॅश बाहुल्या तपासायला वापरू नये. पेशंटला त्रास होतो आणि तो डोळेच मिटून घेतो. बाजूला बाहुलीच्या मापांचे गोल छापलेले असतील तर न्यूरोच्या वॉर्डात उपयोगी पडतात. सेल नेहमीचे मिळणारे असावेत, गोल बटणाचे सेल रात्री तीनला कुठे शोधणार?

पेन बॉलपेनच घ्या. जेलची शाई स्पिरिटचा हात लागला की पसरते आणि औषधाचा डोस वाचता येत नाही. पुष्कळ ठिकाणी नाईटच्या नोंदी लाल शाईनं करतात, म्हणून दोन्ही रंग जवळ ठेवा, आणि डॉक्टरांना देण्यासाठी एक जादा. मार्करनं थेट सलाईनच्या प्लास्टिक बॅगवर लिहू नका, शाई प्लास्टिकमधून आत झिरपण्याची शंका असते. लेबलवर लिहा आणि लेबल चिकटवा.

छोटी वही जरूर ठेवा, पण त्यात पेशंटचं पूर्ण नाव आणि आजार एकत्र लिहू नका. बेड नंबर पुरतो. पहिल्या पानावर थेंबांचा हिशोब लिहून ठेवा: सलाईनच्या साध्या सेटचे बहुधा २० थेंब म्हणजे एक मिली, मायक्रो सेटचे ६०. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो दरवेळी बघा. ५०० मिली आठ तासांत द्यायचं असेल तर साध्या सेटनं मिनिटाला साधारण २१ थेंब. नाईटच्या शेवटी डोकं थकलेलं असतं तेव्हा हे लिहिलेलं पान फार आधार देतं.

६. स्टेथोस्कोप

आता गळ्यातलं. जनरल वॉर्डात बीपी मोजणं आणि छातीत दोन्हीकडे हवा जाते का हे ऐकणं, एवढ्यासाठी दोन बाजूंच्या मुखाचा, म्हणजे छातीला टेकवायच्या भागाला डायफ्राम (सपाट पडदा) आणि बेल (छोटी वाटी) असलेला साधा पण दणकट स्टेथोस्कोप पुरेसा आहे. कार्डियाक आयसीयू किंवा एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) कायम पोस्टिंग झालं की मग वरचं मॉडेल घ्या. एनआयसीयूत छोट्या मुखाचा लागतो आणि तो बहुधा बेडलाच ठेवलेला असतो.

दुकानात कानात घालून बघा. कानातल्या नळ्यांची दिशा पुढे, नाकाकडे असली पाहिजे. उलटा घातला तर काहीच ऐकू येत नाही आणि नवखी मुलगी यंत्राला दोष देते. कानातले बोंड मऊ आणि घट्ट बसणारे हवेत. घातल्यावर दुकानातला आवाज कमी झाला पाहिजे. मुख फिरवून दोन्ही बाजूंनी हलकेच टकटक करा, एका वेळी एकाच बाजूनं आवाज यायला हवा. दोन समांतर नळ्यांचे जुन्या धाटणीचे स्टेथोस्कोप टाळा, नळ्या एकमेकींवर घासतात आणि तोच आवाज कानात येतो.

लिटमनच्या नावानं नकली माल बाजारात खूप आहे. किंमत अर्ध्याहून कमी, बिल देत नाहीत, मुखावर सिरीयल नंबर नाही, असं दिसलं तर उठा. मेडिकल चौकात किंवा धंतोलीत घ्या नाहीतर ऑनलाइन, पण पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड सोडू नका.

दोन पेशंटच्या मध्ये मुख ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. पाण्यात किंवा सॅनिटायझरमध्ये बुडवायचा नाही. मानेचा घाम आणि तेल लागून नळी कडक होते आणि तडकते, म्हणून कॉलरवरून अडकवा किंवा खिशात ठेवा.

७. होम केअर करणाऱ्यांसाठी

घरी जाऊन पेशंट बघणाऱ्यांचं गणित वेगळं, कारण मागे स्टोअर नसतं. दंडाचं डिजिटल बीपी यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा: नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला बसतो, जाड दंडाला तो लावला तर बीपी खोटं जास्त येतं. म्हणून मोठा पट्टाही जवळ बाळगा. ऑक्सिमीटर लावताना नखावरची पॉलिश काढा, आणि लग्नसराईत मेंदीचं बोट सोडून दुसरं बोट निवडा. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा. साखरेच्या स्ट्रिप बहुतेक ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात, डबीवर लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या डिक्कीत ठेवल्या की रीडिंगवर विश्वास ठेवता येत नाही. सॅनिटायझरची मोठी बाटली आणि पॉवर बँकही डिक्कीत नको, पेट घेण्याचा धोका असतो.

८. पिशवी, पाणी, हातांचं क्रीम

पिशवी आतून-बाहेरून पुसता येणारी, डब्याचा कप्पा वेगळा. स्टीलची लिटरभराची थर्मल बाटली उन्हाळ्यात अत्यावश्यक. दोनची ड्युटी असलेल्या सिस्टर मे महिन्यात दीडच्या उन्हात गाडी चालवत येतात, तेव्हा दुपट्टा, गॉगल, पाणी आणि ओआरएसचं पाकीट हे ड्युटीचंच सामान समजा. जिचं घर आणि हॉस्पिटल दोन्ही मेट्रोच्या जवळ आहे तिनं उन्हाळ्यापुरती तरी मेट्रोची सवय लावावी. नाईट संपवून झोपेच्या डोळ्यांनी गाडी चालवण्यापेक्षा तेही बरंच.

सतत हात धुऊन आणि हँडरब लावून त्वचा फाटते, फाटलेल्या त्वचेतून संसर्ग शिरतो. बिनवासाचं क्रीम ड्युटी संपल्यावर आणि झोपताना लावा. व्हॅसलिनसारखं पेट्रोलियमवर आधारित काही लावून वर लेटेक्सचे हातमोजे घालू नका, लेटेक्स कमकुवत होऊन फाटतं. हातमोज्यांनी खाज सुटत असेल तर नायट्राईलचे मागवून घ्या, लेखी.

९. ज्यावर पैसे घालवू नयेत

कमरेचा पट्टा या यादीत सगळ्यात वर. पेशंट उचलून कंबर धरली की पहिला सल्ला पट्टा घे असा मिळतो. दुखणं नसलेल्या माणसानं पट्टा बांधून काम केल्यानं इजा टळते, याला पुरेसा पुरावा नाही असं अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेनं १९९४ मध्येच सांगितलं होतं. उलट पट्टा बांधल्यावर माणूस जास्त वजन उचलायला जातो. कंबर वाचते ती ड्रॉ-शीट (पेशंटखाली घालून त्याला सरकवायची आडवी चादर) घालून, बेडची उंची कमरेपर्यंत आणून, दोघींनी मिळून पेशंट सरकवल्यानं. बेडचं हँडल तुटलेलं असेल तर त्याची तक्रार लिहा. आधीच दुखत असेल आणि डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर तो अर्थात वापरा.

कंबरेला बांधायच्या कप्पेवाल्या छोट्या बॅगा दिसायला छान असतात, पण कापडाच्या असतील तर रोज धुणं होत नाही आणि त्या पाच बेडवरून फिरतात. कापडी स्टेथोस्कोप कव्हर, खोलगट डिझाइनच्या बॅज-रील, गोंड्याच्या पेना यांचंही तेच. स्मार्टवॉच हवं असेल तर हौसेनं घ्या, वॉर्डात लॉकरमध्ये राहू द्या. मास्कमध्ये एन-९५ लिहिलेलं सगळंच खरं नसतं. हॉस्पिटलनं दिलेल्या मास्कवर आयएस ९४७३ आणि एफएफपी-२ किंवा नायोशची नोंद आहे का ते बघा; टीबी वॉर्डाला तर कानाऐवजी डोक्यामागून दोन पट्टे असलेलाच मागा, तो कडेनं नीट बसतो.

१०. घरी आल्यावर

युनिफॉर्म घरच्या कपड्यांत मिसळू नका. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात, गरम पाण्यानं तो पक्का बसतो. डाग गेला की मग गरम पाणी. मशीनमध्ये ६० अंशांची सोय असेल तर ती वापरा. बादलीत धुवायचं असेल तर पावडर टाकून कडक पाण्यात भिजवा आणि अर्ध्या तासानं घासा. ब्लीच फक्त पांढऱ्या सुतीला, रंगीत आणि ताणाच्या कापडाला नाही. वाळवायला आपल्या गच्चीवरचं ऊन आहेच. पावसाळ्यात दोनदोन दिवस कपडे ओले राहतात, तेव्हा इस्त्री आतून-बाहेरून फिरवा आणि शिवणींवर जास्त वेळ द्या. म्हणूनच पावसाळ्याआधी एक जादा जोड शिवून ठेवावा.

बूट आठवड्यातून एकदा साबणाच्या फडक्यानं पुसून, आतला सोल बाहेर काढून सावलीत वाळवा. कात्री, घड्याळ, पेनटॉर्च आणि मोबाईलचं कव्हर रोज ड्युटी सुटताना, घरी निघण्याआधी वॉर्डातच पुसा. बिलं एका पाकिटात ठेवा आणि बुटांच्या बिलावर वापर सुरू केल्याची तारीख लिहा. पुढची जोडी कधी घ्यायची हे त्यावरून कळेल, आणि वॉरंटीच्या आत तळ सुटला तर दुकानदाराशी बोलायला कागद हातात असेल.